पाच नंबरची बरणी

दि. ६ फेब्रुवारी

चि. नाकेश्वरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे खोके काल पोचले. जुन्या कागदांत गुंडाळलेल्या सहा काचेच्या बरण्या, एकही फुटलेली नाही, आणि वर तुझी चिठ्ठी. चिठ्ठीत तू लिहितेस की दुकानांत मिळणारे हे सहा तऱ्हेचे साल्सा, म्हणजे चिप्सला लावून खायच्या टोमॅटो-मिरचीच्या चटण्या, मी चाखावेत, प्रत्येकाची चव, वास, घट्टपणा सविस्तर लिहून कळवावा, आणि फोनवर काही न सांगता पत्रच लिहावे. आता, मी शाळेतला संस्कृतचा मास्तर. तू साल्साच्याच कारखान्यात चाखण्याच्या टेबलावर बसून पगार घेतेस. डॉक्टरने रोग्याला बोलावून स्वतःची नाडी त्याच्या हातात द्यावी, तसे हे झाले. मला हे प्रकरण सरळ दिसत नाही.

दुसरे असे की चिठ्ठीखाली सही नुसती 'धाकटी'. बाबांनी कोणत्या कपाटात खाऊ लपवला आहे ते दाराबाहेरून वास घेऊन सांगणाऱ्या मुलीला मी 'नाकेश्वरी' ही पदवी दिली, आणि तू ती आजवर प्रत्येक पत्राखाली मिरवलीस. या वेळी ती गायब. संशय मनात नोंदवून ठेवला आहे.

तरी आज्ञा पाळली, आणि तीही बाबांच्या पद्धतीने. ते कंपाउंडर होते म्हणून आपल्या घरी विकतची कोणतीही वस्तू स्वतःच्या वेष्टनात ताटापर्यंत आली नाही. जॅम असो वा लोणी, दवाखान्यातल्या मलमाच्या पांढऱ्या बरण्यांत ते जायचे, वर फक्त आकडा, आणि कोणता आकडा कोणत्या कंपनीचा ते एकट्या आईला ठाऊक. सगळ्यांनी मत दिल्याशिवाय नाव फुटायचे नाही. त्यातल्या काही बरण्या माझ्याकडे आहेत. आईची जागा तुझ्या वहिनीने घेतली. ओतणेही तिचे आणि लेबलांचे गुपितही तिचेच, कोणता आकडा कोणाचा ती यादी ती तुला परस्पर पाठवील. मात्र ती सध्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघते. लग्नाला एवढी वर्षे झाली, तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थावर मी एक ओळ लिहिली नाही, आणि परक्यांच्या बरण्यांवर पाने भरायला बसलो, असे तिचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे.

तर एक नंबरमध्ये साखर पुढे चालते आणि टोमॅटो तिच्या मागून पिशव्या धरून येतो. दोन नंबरचे झाकण उघडताच व्हिनेगरने जी चपराक दिली तिच्यानंतर चवीची वाट पाहायला माणूस जागेवर राहत नाही. चारमध्ये मक्याचे दाणे आहेत, घेवडा आहे, ढोबळी मिरची आहे. साल्सा कुठे बसला आहे ते विचारावे लागते. सहा नंबर म्हणजे वर्गातला तिसऱ्या बाकावरचा मुलगा. खारट बेताचा, आंबट बेताचा, कोणाशी भांडण नाही, आणि निरोपसमारंभापर्यंत त्याचे नाव कोणाला आठवत नाही. हा तुमच्याच कारखान्याचा निघाला तर राग धरू नकोस.

तीन आणि पाच मात्र विचारात पाडणारे आहेत. त्यांच्याबद्दल घाईने लिहिणे बरे नव्हे. पुन्हा चाखून कळवतो.

मेहुण्यांना नमस्कार. कळावे. लोभ आहेच, तो तसाच ठेव. खुलासा मात्र नवा पाठव.

तुझा,
दादा


दि. १३ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पिशव्या धरणारा टोमॅटो वाचून हसले, पण दादा, असल्या उपमांनी माझं काम भागत नाही. एक नंबरची गोडी टोमॅटो आटवून आलेली आहे की वरून साखर घातलीय? झाकण उघडल्याबरोबर पहिला वास कशाचा येतो, आणि घास गेल्यावर काय मागे राहतं? खारट, आंबट, झोंबणं, हे सगळं राहू दे, ते माझं मी बघते. तू वासाचं लिही. आणि पाय जमिनीवर ठेवून लिही.

तुझ्या संशयाला उत्तर देते. आमच्या साहेबांना बाजारात नवा साल्सा आणायचाय. त्यासाठी दुसऱ्या कंपन्यांच्या मालाची आपल्या मालाशी तुलना करून महिनाअखेर मी अहवाल द्यायचा आहे. त्यांना नुसतं टेबलावरच्या माणसांचं मत नको, साध्या गिऱ्हाइकाचंही हवं. तुझ्याइतकं साधं गिऱ्हाईक मला दुसरं कुठे मिळणार? फोन नको म्हटलं कारण फोनवर तू पाचव्या वाक्याला तुझ्या मुख्याध्यापकांवर घसरतोस. सही घाईत केली होती. झालं समाधान?

मी बरी आहे. जानेवारीतला तो ताप गेला, अंगात ताकदही आली. परवा दूध करपलं ते माझ्या लक्षात आलं नाही आणि त्याचाच चहा करून मी ह्यांना दिला. हे एक घोट घेऊन थांबले, मग म्हणाले की आज चहात काहीतरी नवीन घातलेलं दिसतंय. मी पेपर वाचत होते, दुसरं काही नाही.

कारखान्यात लॅबवाल्या बाईंचं वागणं मला ठीक वाटत नाही. त्यांचं काम आम्लता मोजायचं, मीठ मोजायचं. पण हल्ली मी चमचा खाली ठेवला की त्या तीच वाटी उचलून हुंगतात आणि माझ्याकडे बघतात. माझ्या खुर्चीवर त्यांचा डोळा आहे असं वाटायला लागलंय. कोणाला बोलू नकोस.

तीन आणि पाचबद्दल लवकर लिही. वहिनीला नमस्कार. लोभ असावाच, वर थोडा उरकही असावा ही विनंती.

तुझी,
धाकटी


दि. १९ फेब्रुवारी

चि. नाकेश्वरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुन्हा 'धाकटी'. म्हणजे घाई दोन्ही वेळेला झाली. असो.

तीन आणि पाच यांचा निकाल लागला. काल संध्याकाळी तुझ्या वहिनीने दोन वाट्यांत दोन्ही नमुने पुढे ठेवले, मी मक्याच्या चिप्स घेतल्या, मध्ये मध्ये पाण्याने चूळ भरली, आणि एकेकाला पुरेसा वेळ दिला. तुला उपमा नकोत, म्हणून शक्य तेवढ्या गाळल्या आहेत.

तीनचा पहिला वास कच्च्या कांद्याचा, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच कोथिंबिरीचा. टोमॅटो शिजलेला नाही, नुसता गरम होऊन परत आलेला आहे. चव जिभेच्या टोकाशी येते आणि सभ्य पाहुण्यासारखी वेळेत उठते. मागे फार काही उरत नाही, उरते ते हिरवे असते.

पाच अगदी उलट. वाटी नाकाशी धरली तर तो काही बोलत नाही. घास गिळून आपण दुसऱ्या विषयाकडे वळलो की भाजलेल्या मिरचीचा धूर मागच्या दाराने येतो आणि बसून राहतो. न्यायशास्त्रात आम्ही शिकवतो की डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे. पुष्कळ कंपन्या नुसता धुराचा अर्क घालतात, अग्नीचा पत्ता नसतो. पाचमध्ये मात्र मिरची खरोखर जाळावर धरलेली आहे, हे मी शपथेवर सांगतो. या दोघांत गल्लत करणारा माणूस बागेत आणि भट्टीतही गल्लत करील. सहांमध्ये पाच सर्वश्रेष्ठ, असे माझे मत लिहून घे.

तुझी वहिनी दारात उभी राहून हे सगळे ऐकत होती. दोघांत खरेच एवढा फरक लागतो का, असे तिने मला दोनदा विचारले. मी म्हटले, त्याला जिभेवर थोडे संस्कार लागतात. ती बरे म्हणाली आणि वाट्या घेऊन गेली. हसली नाही. तिचे न हसणे मला आवडले नाही.

आता तुझ्याबद्दल. साध्या गिऱ्हाइकाचे मत हवे होते तर तुझ्या शेजारी शेकड्यांनी साधी गिऱ्हाइके राहतात. खोके बांधून माझ्याकडे का पाठवलेस? माझा तर्क असा की लॅबवाल्या बाईंनी तुला पेचात धरायचे ठरवले आहे आणि तू आधीच साक्षीदार जमवते आहेस. दुसरा तर्क, तू आणि तुझी वहिनी मिळून माझी फजिती करायच्या बेतात आहात. तिसरा तर्कही आहे, पण तो मला आवडत नाही म्हणून अजून पुढे नेलेला नाही.

कळावे. लोभ असावा, आणि उत्तरात निदान एक खरे वाक्य असावे.

तुझा,
दादा


दि. २ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

अहवाल दिला. काल बैठक झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचला, आणि भाजलेल्या मिरचीचा धूर मागच्या दाराने येतो हे वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, इतक्या वर्षांत चवीवर असं कोणी लिहून दिलं नव्हतं. ठरलं असं की आमचा नवा साल्सा पाच नंबरच्या धर्तीवर करायचा, फक्त लिहिलाय तसा, धूर मागाहून येणारा. पंधरा दिवसांत पहिली भट्टी लावणार आहेत आणि ती पास करायचं काम माझ्याकडे आहे.

लॅबवाल्या बाई बैठकीत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या की त्यांनी पाच नंबर स्वतः विकत आणून खाल्ला, त्यांना तर धूर पहिल्या घासालाच नाकात गेला, आणि तोही कडवट. मी म्हटलं, ज्याची त्याची जीभ.

तुझे आभार मानायचे होते. आता आणखी काही चाखू नकोस, बरण्या संपवून टाका. लोभ आहे तो राहू दे.

तुझी,
धाकटी


दि. ७ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. वि. वि.

या वेळी पदवी मीच गाळली आहे. का ते पुढे कळेल.

तुझे पत्र वाचले आणि पाच नंबर कोणत्या कंपनीचा ते बघावे म्हणून तुझ्या वहिनीकडे लेबले मागितली. तेव्हा तिने शांतपणे सांगितले की फ्रीजमध्ये जागा होईना, तीन आणि पाच दोन्ही अर्ध्यावर आलेले, म्हणून तिने तीन पाचमध्ये ओतून ढवळून टाकले होते. मग मी दोन्ही नमुने मागितले तेव्हा आता बोलणी कोण खाणार, म्हणून त्याच मिश्रणाच्या दोन वाट्या करून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणजे बाग आणि भट्टी मी एकाच पातेल्यातून काढली. शपथेवर. माझ्या जिभेवरचे संस्कार तू मनात आणू नकोस, मी ते रोज आणतोच आहे.

माझी फजिती झाली ती माझ्यापाशी. पण त्यानंतर मी तुझी चिठ्ठी आणि दोन्ही पत्रे एकापुढे एक ठेवली. पाच नंबर तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. ज्या बाईला मनात आले तर संध्याकाळी तो घरी आणून उघडता येतो, ती माझे वाक्य जसेच्या तसे आपल्या सहीने देते, आणि लॅबवाल्या बाईंनी तोंडावर सांगितल्यावरही बरणी उघडून बघत नाही. खारट, आंबट, झोंबणे तुझे तू बघतेस. वास तेवढा माझ्याकडून हवा. करपल्या दुधाचा चहा तू करून देतेस. आणि 'नाकेश्वरी' लिहायला तुझा हात धजत नाही. माझा तिसरा तर्क हा होता.

धाकटे, तुला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. तू माझे मत विचारत नव्हतीस, माझे नाक उसने नेत होतीस. आणि ते उसने नाकही खोटे निघाले.

मी रागावलेलो नाही. घाबरलो आहे. नव्या साल्साची पहिली भट्टी लागेल आणि तो कुठल्याच दुकानात नसलेल्या चवीबरहुकूम करतील, ते एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण एखाद्या दिवशी खरोखर बिघडलेला माल तुझ्या टेबलावर येईल आणि तू मान हलवशील. तो लोक घरी नेतील. भट्टी लागायच्या आधी साहेबांना सांग. हवे तर मी येतो, बाहेरच्या बाकावर बसतो, तोंड उघडणार नाही. ते मला जमत नाही हे तुला माहीत आहे, तरी प्रयत्न करीन.

तुझ्या वहिनीला चार ओळी लिहायच्या होत्या, त्या सोबत आहेत. मला वाचायला दिलेल्या नाहीत.

लोभ कमी होणार नाही, हे या वेळी विनंती म्हणून नाही, सांगायचे म्हणून लिहितो.

दादा


सौ. वन्संस,

स. न. वि. वि.

हे स्वतःला फार मोठे तर्कशास्त्री समजतात, पण मला जानेवारीतच कळलं होतं. तुम्ही तापातून उठल्यावर मी भेटायला आले, त्या दिवशी तुमच्या ओट्यावर गॅसचं बटण अर्धवट उघडं होतं. मला दारातच वास आला. तुम्ही ओट्याशीच उभ्या राहून कांदा चिरत होता आणि माझ्याशी हसून बोलत होता. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली, तुम्हाला काही बोलले नाही, पण निघताना भावजींना सांगून आले. तेव्हापासून ते रोज तुमच्या आधी उठतात. तुम्हाला वाटत असेल त्यांना झोप लागत नाही.

बरण्या मी जागेसाठी एकत्र केल्या की मुद्दाम, असं हे मला सारखं विचारतात. विचारू दे.

सांगून टाका. लोकांना कळलं की एवढं वाईट नसतं. एकट्यानं लपवायला फार कष्ट पडतात, ते तुमच्या तोंडावर दिसत होते.

लोभ आहेच. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा.

तुमची,
वहिनी


दि. १५ मार्च

ती. दादास व सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

सकाळी टेबलावर बसायच्या आधी साहेबांच्या खोलीत गेले. पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले. एवढंच म्हटलं की जानेवारीपासून मला वास येत नाही, अहवालातलं वासाचं सगळं माझ्या भावाचं आहे, आणि पाच नंबरच्या बरणीत वहिनीने घरी तीन नंबर मिसळला होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा की तुमच्या वहिनी कोणत्या कंपनीत कामाला आहेत. मी म्हटलं, घरी. त्यांना ते पटलं नाही. भाऊ कुठे, तर शाळेत. ते तर अजिबात पटलं नाही. बराच वेळ ते मला आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी फितवलेली बाई समजत होते. खरं कारण एवढं साधं असेल असं त्यांना वाटेना.

मग त्यांनी लॅबवाल्या बाईंना बोलावलं. दादा, त्यांच्याबद्दल मी तुला काय काय लिहिलं होतं. त्यांना माहीत होतं. फेब्रुवारीत एका बॅचला आंबूस वास येत होता, मी ती वाटी बाजूला ठेवून ठीक आहे म्हटलं, आणि त्यांनी आम्लतेचं कारण काढून ती बॅच परस्पर अडवली होती. माझ्यामागून वाट्या हुंगायच्या त्या यासाठी. खुर्ची हवी म्हणून नाही. साहेबांनी विचारलं की तेव्हाच का सांगितलं नाही, तर म्हणाल्या, मी स्वतः सांगेन म्हणून थांबले होते. मला तिथे बसवेना.

दुपारी साहेबांनी दुकानातून तीन आणि पाच आणवले, समोर ढवळायला लावले आणि सगळ्यांना चमचे दिले. मीही घेतलं. मला खारट लागलं, आंबट लागलं, जीभ झोंबली, बस. मी बाकीच्यांचे चेहरे बघत बसले. आधी सगळे चावत होते. मग एकेकाचं चावणं थांबलं आणि भुवया वर गेल्या. मागच्या दाराने येत होता तो, तू लिहिलंस तसा. मला फक्त तो दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर आलेला दिसला. तेव्हा तुझं वर्णन खोटं नव्हतं, फक्त बरणी चुकीची होती. तीन नंबरचं मात्र तू मनानेच लिहिलंस.

मला टेबलावरून काढलंय. कायमचं की तूर्त, ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सध्या झाकणांच्या लाइनीवर आहे, बरणी नीट बंद झाली की नाही ते अंगठ्याने दाबून बघायचं. डॉक्टर म्हणतात रोज सकाळी लवंग, लिंबू आणि कॉफी हुंगत जा, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं, कधी येतं, कधी येत नाही.

संध्याकाळी ह्यांना विचारलं की तुम्ही पहाटे का उठता. म्हणाले, सवय लागली.

तुमचा लोभ कळला. तो मागायची मला आता लाज वाटत नाही.

धाकटी


दि. २० मार्च

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत बाबांच्या मलमाच्या बरण्या पाठवतो आहे. लवंग, लिंबू, कॉफी यांत ठेव आणि आकडे बरणीच्या तळाला लाव. तुझी स्मरणशक्ती नाकापेक्षा तल्लख आहे. बरणी दिसली की वास आलाच असे ती सांगेल, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. हा सल्ला मी कोणत्या अनुभवावरून देतो ते तुला ठाऊक आहे. बरण्या तुझ्या वहिनीने घासल्या आहेत. माझ्यावर ते काम सोपवले नाही.

लोभ पोचता केला आहे, बरण्यांच्या मधल्या कागदात बघ.

दादा


दि. २८ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

एक कळवायचं आहे, पण त्यावर तू लगेच उडी मारू नयेस.

गेल्या आठवड्यात कॉफीची बरणी उघडली आणि काहीतरी आहे असं वाटलं. पण ती कॉफीची आहे हे मला आकार, वजन, सगळ्यावरून माहीत होतं. खरंच आलं की आठवलं, ते ठरवता येईना. तुझा सल्ला आठवला. म्हणून आज ह्यांना सांगितलं की बाबांच्या पद्धतीने करा. दोन बरण्या घ्या, दोन्हींत सारखा कापूस भरा, एकीत नुसता कापूस, दुसरीत त्याखाली काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा आणि मला सांगू नका. हे बरण्या ठेवून स्वयंपाकघराबाहेर गेले, म्हणजे चेहऱ्यावरून ओळखलं असा संशय तुला घेता येणार नाही. मी डोळे मिटून दोन्ही हुंगल्या. मग त्यांनी जागा बदलून ठेवल्या. पुन्हा बदलल्या. मी प्रत्येक वेळी त्याच एका बरणीवर हात ठेवला, हे ह्यांनी नंतर तळाचे आकडे बघून सांगितलं.

आत काय आहे ते मला सांगता आलं नाही. गोड की उग्र, तेही नाही. रिकामी नाही, एवढंच कळलं.

हे दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं की सांगू का काय ठेवलंय. मी नको म्हटलं. उद्या पुन्हा तीच ठेवा म्हटलं.

तर्क लढवून तूही कळवू नकोस, आणि उपमा तर मुळीच नको. वहिनी ह्यांना फोन करून विचारेल आणि तुला सांगेल असा मला दाट संशय आहे, तेव्हा तिलाही थांबव. जे आहे ते माझं मला कळू दे.

लोभ भरपूर आहे, तो असू दे. विश्वास मात्र माझ्यावर एवढ्यात टाकू नकोस.

तुझी,
नाकेश्वरी
(पदवी तूर्त तपासणीखाली)